मुलगी दिवसभर प्रवासाचे माहितीपट बघते, याला शिकणं म्हणायचं का?

कोल्हापुरातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. थोडं आवरून देतो.

“शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप आहे. मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास बरा आहे, पण मोकळा वेळ मिळाला की फोनवर किंवा टीव्हीवर प्रवासाचे माहितीपट. कधी लडाख, कधी पेरू, कधी व्हिएतनाम. विचारलं तर म्हणते, ‘बाबा, मी फिल्ममेकिंग शिकतेय.’ मध्येच थांबवून मागं नेते आणि आम्हाला दाखवते, बघा कॅमेरा कुठं ठेवलाय. आता सव्वा लाखाचा कॅमेरा मागतेय. बघून कुणी शिकतं का? कॅमेरा घेऊन द्यावा का? यात पोटापाण्याचं काही आहे का? आणि पोरीच्या जातीला गावोगाव एकटीनं हिंडायला लागणार असेल तर घरी पटवायचं कसं? तिच्या मामाचं कागलकडं गुऱ्हाळ आहे, तो म्हणतो, इकडं पाठव, ऊस तोडायला लावतो.”

नमस्कार. तुमचं शॉप लेथचं आहे, तर तिथूनच सुरुवात करतो. तयार जॉब हातात आला की मुरलेला टर्नर तो उलटासुलटा करून बघतो, टूलच्या खुणा वाचतो आणि सांगतो की फेसिंग (तोंड सपाट करणं) आधी झालंय, बोअर (आतलं भोक) नंतर काढलाय आणि मध्ये एकदा जॉब चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, काढून परत धरलाय. तोच जॉब गिऱ्हाइकाच्या हातात गेला की त्याला नुसती चकाकी दिसते. माहितीपटाचंही तसंच आहे. मुलगी थांबवून मागं नेते हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मी सरळ ‘नाही’ म्हणून मोकळा झालो असतो. तिला खुणा दिसायला लागल्यात. त्या वाचता येतात का, ते अजून बघायचंय.

त्यासाठी जेवताना तिला एक प्रश्न विचारा. प्रवासाच्या माहितीपटात एक प्रसंग हमखास असतो. निवेदक डोंगरातल्या एखाद्या गावात पोचतो, घराचं दार ढकलतो, वाकून आत येतो आणि चुलीपाशी बसलेली म्हातारी हसून त्याचं स्वागत करते. बघणाऱ्याला वाटतं, आपणही त्याच्याबरोबर पहिल्यांदाच आत आलो. पण दार उघडताना त्याचा चेहरा आपल्याला घराच्या आतून दिसत असतो. मग कॅमेरा आत कधी गेला?

तिनं उत्तर दिलं की त्याचे धागे ओढत जा. कॅमेरा आधी आत गेला म्हणजे कुणीतरी म्हातारीशी आधी बोललंय, तिची परवानगी घेतलीय. खिडकीचा उजेड कुठून येतो हे बघून तिला चुलीच्या या बाजूला बसवलंय. दाराबाहेरून निवेदकाची पाठ दिसते तो शॉट वेगळा घेतलाय, म्हणजे तो बहुतेक दोनदा आत आलाय. पुढं म्हातारी भाकरी थापते तेव्हा आधी ती अख्खी दिसते आणि मग नुसते हात दिसतात. कॅमेरा एकच असेल तर तिनं एक तर दोन भाकऱ्या थापल्यात, नाहीतर मधे हात थांबवलाय. परातीतलं पीठ दोन्ही शॉटमध्ये तेवढंच आहे का? मुलीनं हे सगळं मनानं सांगितलं तर तिचा वेळ वाया जात नाहीये. ‘वॉव, काय जागा आहे’ याच्या पुढं गाडी गेली नाही, तर तो करमणुकीचा वेळ आहे. करमणुकीत गैर काही नाही, फक्त तिला शिक्षण म्हणू नये.

आता मुलीशी बोलतो, तिलाच वाचायला द्या.

अख्खे माहितीपट बघणं काही दिवस बंद कर. तुला आवडलेल्या एकाच माहितीपटातली चार मिनिटं निवड, शक्यतो बाजाराची किंवा स्वयंपाकाची, डोंगरदऱ्यांची नको. ती आधी आवाज बंद करून बघ. मग पडद्याकडं पाठ करून नुसती ऐक. मग वही घेऊन कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या जागा, मोजायला बस. शॉट किती सेकंदांचा, लांबचा की जवळचा, कॅमेरा हलतोय की स्थिर, आवाज कुठला आणि तो चित्राच्या आधी सुरू होतो की नंतर, हे सगळं लिही. कंटाळवाणं काम आहे आणि बरेच जण इथंच गळतात.

आवाजाचा रकाना चुकवू नकोस. नवशिके सगळे चित्रावर जीव टाकतात, पण प्रवासाच्या माहितीपटात माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो तो बरेचदा कानानं. आधी बोटीच्या इंजिनाचा आवाज येतो, चित्र अजून हॉटेलातल्या खोलीचंच असतं, आणि मग कट होऊन नदी दिसते. याला जे-कट म्हणतात. उलटं असेल, म्हणजे चित्र बदललं तरी आधीच्या जागेचा आवाज रेंगाळत असेल, तर एल-कट. आणखी एक. निवेदन दिसतंय तेच परत सांगत असेल, तर ते वाक्य वहीत खोडून बघ. डोळ्यांसमोर नदी असताना ‘ही नदी वाहते आहे’ हे कशाला सांगायचं? चांगलं निवेदन चित्रात न दिसणारं सांगतं: नदीचं पाणी कुणाच्या शेताला जातं, पूल वाहून गेला तेव्हा लोक पलीकडं कसे गेले.

बघून जे कधीच कळणार नाही तेही लक्षात ठेव. पडद्यावर येतो तो उरलेला माल. टाकून दिलेले तास, हुकलेला सूर्योदय, परवानगीच्या कागदासाठी घातलेले हेलपाटे, गावातला वाटाड्या-दुभाष्या, स्टुडिओत नंतर बसवलेले पावलांचे आवाज, यातलं काहीच तुला दिसत नाही. म्हणून नुसतं बघून शिकणाऱ्याला हे काम फार सोपं वाटतं, आणि पहिल्या दिवशी हातात कॅमेरा आला की तो बावचळतो.

म्हणून वही भरली की मामाकडं जा. मामा चेष्टेनं बोलवतोय, तू खरंच जा. हंगामातलं गुऱ्हाळ म्हणजे शूटिंगची सगळी संकटं एका छपराखाली. चरकाच्या मोटारीची घरघर कुणाचं बोलणं ऐकू देत नाही. चुलवणातला जाळ नारिंगी आणि दारातून येणारा उजेड निळसर, त्यामुळं फोनचा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणं रंग जुळवणारी सेटिंग) आपोआप वर सोडलास तर दर शॉटला गुळाचा रंग बदलेल, तो लॉक करून ठेव. काहिलीवरची, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवरची, वाफ लेन्सवर बसते, खिशात सुती फडकं हवं. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, तोही लॉक कर, नाहीतर वाफेचा लोट आला की फोन अख्खं चित्र काळवंडून टाकतो. छपराखाली ट्यूबलाइट असेल तर फोनच्या प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, हा मेळ बसला नाही तर चित्रात पट्टे लुकलुकतात.

मुख्य अडचण वेळेची. भेंडीचं पाणी घालून मळी काढणं सावकाश चालतं, तिथं हवे तेवढे शॉट मिळतात. पण गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो आणि मग एकदम हाकाटी होऊन काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या पसरट जागेत, ओतली जाते. ते काही क्षणांत संपतं. तुझा फोन तेव्हा चिपाडांच्या ढिगाकडं असेल तर पुढच्या आदणापर्यंत, म्हणजे रसाची पुढची काहील शिजेपर्यंत, बसून राहा. पहिल्या आदणाला फोन खिशातच ठेव. कोण कुठं उभं राहतं, गुळव्या कुठल्या हातानं बघतो, ओतताना वाफ कुठल्या बाजूला जाते, हे नुसतं बघ. दुसऱ्या आदणाला फोन ओतण्याच्या जागी लावून तयार राहा. जाळाच्या आणि काहिलीच्या जवळ जाण्याआधी तिथल्या माणसांना विचार, ओढणी बांधून घे. तिसऱ्या आदणाला चेहरे, हात, पाय असं जवळचं टिप. प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता धर. चरक बंद असताना नुसत्या जागेचा मिनिटभर आवाज वेगळा घे, एडिटिंगला बसलीस की त्याची किंमत कळेल. आणि यातून तीन मिनिटांची फिल्म कर, संगीत नको, निवेदन नको. आजीला दाखव. तिला गूळ कसा होतो ते शब्दाविना कळलं, तर जमलं.

आता परत तुमच्याकडं.

सव्वा लाखाचा कॅमेरा आत्ता घेऊ नका. तिच्या हातातला फोन वर्षभर पुरतो. घ्यायचंच असेल तर कॉलरला लावायचा बरा माइक, त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपी (पन्हाळ्यावर तिच्याशिवाय एक वाक्य धड रेकॉर्ड होत नाही) आणि दणकट ट्रायपॉड घ्या. एडिटिंगसाठी दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती भरपूर झाली, फक्त कॉम्प्युटर दमदार लागतो. मोठा कॅमेरा कसा वाटतो हे बघायचं तर एक दिवस भाड्यानं आणा. ड्रोनचा हट्ट आला तर मोडून काढा. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे, २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं कुठं उडवता येतं हे सरकारच्या डिजिटल स्काय या साइटच्या नकाशावर बघावं लागतं, आणि आकाशातून दिसणाऱ्या रंकाळ्यानं आजवर कुणाला एडिटिंग शिकवलेलं नाही.

हत्यार आधी की नजर आधी, हा वाद कोल्हापुरात तरी घालू नये. इथल्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी प्रोजेक्टर समजून घेत घेत कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी त्यांचे सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा तयार केला आणि त्यातून १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. ते मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे. उजेड कुठून पडतो, हे त्यांना आधीच कळत होतं.

शिक्षणाचं म्हणाल तर बी. कॉम. अर्धवट सोडू देऊ नका. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन यांचे जे तीन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत त्यांना पदवी लागते, शाखा कुठलीही चालते, प्रवेश परीक्षेतून. ही संस्था १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत सुरू झाली, आणि प्रभात १९२९ साली आपल्या कोल्हापुरात निघून १९३३ ला पुण्याला गेली, हे घरातल्या थोरल्यांना सांगा, निम्मा विरोध तिथंच मावळेल. कोलकात्याची सत्यजित राय फिल्म संस्था आहे. माहितीपटाकडंच ओढा असेल तर दिल्लीच्या जामिया मिलियातलं मास कम्युनिकेशनचं केंद्र नक्की बघा. फी आणि तारखा दर वर्षी संस्थांच्या साइटवरच बघाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये. पदवी होईपर्यंत तिनं कोल्हापुरातच कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचे खेळ बघावेत. सिनेमा संपल्यावर चार जाणत्या माणसांच्या चर्चेत बसणं फोनवर मिळत नाही.

‘सहा महिन्यांत सिनेमॅटोग्राफर’ अशा जाहिराती करणाऱ्यांकडं पैसे भरण्याआधी एकच गोष्ट मागा: मागच्या बॅचच्या मुलांनी केलेलं काम. कॅमेऱ्याबरोबर काढलेले फोटो नकोत, काम दाखवा म्हणा.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. जगभर हिंडून माहितीपट करण्यावर घर चालवणारी माणसं थोडी आहेत, आणि त्यातले बरेच जण मधल्या काळात दुसरी कामं करतात. पण या शिक्षणातून जी कसबं येतात त्यांना गावातच गिऱ्हाईक आहे. लग्नाचे व्हिडिओ, शाळा-दवाखान्यांच्या फिल्म, यूट्यूब चॅनलांचं संकलन, आणि तुमच्याच शेजारच्या फाउंड्र्यांना परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायला लागणारी कारखान्याची फिल्म. हातात कसब असेल तर संकलकाला आणि आवाजाचं काम जाणणाऱ्याला तुलनेनं लवकर काम मिळतं, कारण सगळ्यांना दिग्दर्शक व्हायचं असतं. बी. कॉम. इथं कामाला येईल, कोटेशन आणि जीएसटी कळणारा फिल्मवाला मला क्वचित भेटतो. पदवीनंतर दोन वर्षं द्या. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्या कामाला अनोळखी माणूस पैसे मोजतोय का ते बघा. मोजत नसेल, तर तिच्याशी बसून दुसऱ्या वाटेचं बोला, भांडण न करता.

राहिला एकटीनं हिंडण्याचा प्रश्न. पडद्यावर निवेदक एकटा दिसतो, पण त्याला एकटा दाखवणारा कुणीतरी कॅमेऱ्यामागं असतोच. कॅमेरा, आवाज, गाडी चालवणारा, गावातला ओळखीचा, अशी टोळी असते, आणि मुलींनी त्यात काम करणं आता नवलाचं राहिलेलं नाही. तरी तुमची काळजी खोटी नाही. कामाला निघताना कुठं, कुणाबरोबर, राहायची सोय काय, परतायचं कधी, हे कागदावर घरी ठेवून जायचं. हा नियम तुमच्या मुलीसाठी म्हणून नाही, टोळीतल्या मुलग्यांनीही पाळायचा असतो. त्याची सुरुवात गुऱ्हाळापासून करा. मामाला फोन करून आदणं किती वाजता लागतात ते तिलाच विचारू द्या, एसटीची वेळ तिलाच बघू द्या, आणि सोडायला तुम्ही जाऊ नका.