सिंगल अॅक्शन पिस्तूल कमरेला कसं बाळगावं? घोडा (मागचा हातोडा, म्हणजे हॅमर) चढवून की उतरवून?

तुमचा प्रश्न असा: पेट्रोल पंपाची रोकड घेऊन बार्शी रोडवरून सोलापुरात बँकेत येता, परवान्याचं पिस्तूल सोबत असतं, तर चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागी) गोळी ठेवून घोडा हळूच खाली सोडावा का?

तो तेवढा सोडू नका. सिंगल अॅक्शनमध्ये ट्रिगरचं काम एकच, चढलेला घोडा सोडणं. म्हणून घोडा उतरवायचा तर एका बोटाने ट्रिगर दाबायचा आणि अंगठ्याने घोडा धरायचा, तोही भरलेल्या चेंबरवर. मे महिन्यातल्या घामेजल्या हातात अंगठा सटकला की गोळी सुटलीच. घोडा अर्ध्यावर अडकवणं ही सेफ्टी नव्हे. टीटी (जुनं रशियन टोकारेव्ह) धाटणीच्या मूळ पिस्तुलांना वेगळी सेफ्टीच नव्हती, म्हणून त्यांत घोडा असा अर्ध्यावर ठेवत.

तुमच्यासाठी मी चेंबर रिकामं, घोडा खाली, भरलेलं मॅगझीन आत, हेच सांगेन. वेळ आली तर स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायला एक सेकंद जास्त लागेल आणि दुसरा हात मोकळा हवा, म्हणून रोकडीची बॅग डाव्या हातात नको, खांद्याला लावा.

घोडा चढवून सेफ्टी लावणं ही कोल्ट 1911 सारख्या पिस्तुलाची रीतसर पद्धत आहे. त्यात अंगठ्याची सेफ्टी सिअर (चढलेला घोडा धरून ठेवणारा खटका) अडवते आणि मुठीमागची सेफ्टी ट्रिगर. पण ट्रिगर हलका, प्रवास आखूड. नियमित सराव नसेल तर या वाटेला जाऊ नका. ढिल्या होल्स्टरमध्ये सेफ्टी घासून खाली सरकते, आणि ते कळतही नाही.

होल्स्टर कडक आणि ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं घ्या. मऊ पडलेल्या चामड्याची कड आत दुमडून ट्रिगर दाबते. पिस्तूल आत सरकवताना अंगठा घोड्यावर ठेवा, म्हणजे घोडा हलला तर लगेच जाणवेल. नेफ्यात खोचणं किंवा किल्ल्यांसोबत खिशात टाकणं नकोच. शस्त्र नियम 2016 प्रमाणेही सार्वजनिक जागी ते होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं हवं. गड्ड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत खास परवानगीशिवाय नेऊच नका, परवान्याच्या अटीत जत्रा आणि मिरवणुका स्पष्ट लिहिलेल्या असतात.

घरी आल्यावर क्रम चुकवू नका: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझीन काढलं, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत चढते. माणूस समजतो पिस्तूल रिकामं झालं. तेच काडतूस रोज चढवत-उतरवत राहिलात तर पुढची शिशाची गोळी काडतुसाच्या पुंगळीत मागे दबते आणि झाडताना दाब वाढतो, म्हणून ते बदलत चला. पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवून कपाटात टाकू नका. घाम मुरलेलं चामडं लोखंडाला गंज आणतं. पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून कुलुपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलुपात.