ऐकलं नाही म्हणून अख्खं शहर?

प्रश्न : बायबलमधलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला घेतलंय पण अर्ध्यावरच जीव घाबरा होतो, पानापानावर तलवार, दुष्काळ, मरी. लोकांनी ऐकलं नाही म्हणून अख्खं यरुशलेम उद्ध्वस्त, हे जरा अतीच नाही का? आणि देवाचं ठरलंच होतं तर संदेष्टा पाठवलाच कशाला?

उत्तर : घाबरायला होतं हे खरंय. पण "ऐकलं नाही" म्हणजे नेमकं काय केलं ते बघा, कारण आपण समजतो उपासना चुकली असेल, अर्पणं कमी पडली असतील. तसं नव्हतं, मंदिर तर चांगलं जोरात चालू होतं! ७ व्या अध्यायात यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून हेच म्हणतो, की परके, अनाथ, विधवा यांना नाडता, चोऱ्या करता, खोट्या शपथा खाता आणि वर इथे येऊन म्हणता आम्ही सुरक्षित आहोत.

३४ वा अध्याय तर नीटच वाचा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने शहराला वेढा घातलेला, तेव्हा राजा सिद्कीया आणि सरदारांनी मंदिरात करार केला की आपल्या इब्री, म्हणजे स्वतःच्याच समाजातल्या, दासदासींना सोडून द्यायचं. मूळ नियमशास्त्राप्रमाणे, म्हणजे मोशेच्या नियमांप्रमाणे, सातव्या वर्षी सोडायलाच हवं होतं, ते कुणी पाळत नव्हतं. वासराचे दोन तुकडे करून त्यांच्यामधून चालत गेले, म्हणजे करार मोडला तर आमचंही असंच होवो. सोडलं सगळ्यांना. मग मिसरचं (इजिप्तचं) सैन्य येतंय कळल्यावर बाबेलवाले वेढा उठवून गेले आणि यांनी काय करावं, सोडलेल्या माणसांना परत धरून आणलं आणि पुन्हा दास केलं. संकट टळलं, शपथ संपली! त्यावर देव म्हणतो तुम्ही त्यांना मोकळं केलं नाहीत ना, मग मी तुम्हाला मोकळं करतो, तलवारीला, मरीला, दुष्काळाला. आता त्या परत धरून आणलेल्या दासीच्या जागी बसून वाचा आणि मग सांगा अती वाटतं का. बाबेलवाले परत आले आणि इ.स.पू. ५८६ च्या सुमारास शहर पडलं.

आता दुसरा प्रश्न. ठरलंच होतं असं पुस्तक म्हणत नाही. १८ व्या अध्यायात कुंभाराच्या घरी यिर्मयाला सांगितलंय की राष्ट्र वाईटापासून वळलं तर मीही योजलेलं अरिष्ट आणणार नाही. २६ व्यात लोक यिर्मयाला मारायला उठतात तेव्हा वडीलधारे आधीच्या काळातल्या मीखा संदेष्ट्याची आठवण काढतात, त्यानेही सियोन, म्हणजे यरुशलेमच, शेतासारखी नांगरली जाईल म्हटलं होतं, तेव्हाचा हिज्कीया राजा घाबरून देवाला शरण गेला आणि ते अरिष्ट टळलं. उलट ३६ व्यातला राजा यहोयाकीम बघा, हिवाळ्यात शेगडीपुढे बसलाय, यिर्मयाचे संदेश लिहिलेली गुंडाळी वाचली जातेय आणि हा तीनचार रकाने झाले की चाकूने कापून आगीत टाकतोय. यिर्मयाचा लेखनिक बारूख, त्याला सगळी परत लिहावी लागली, वर आणखी भर घालून.

आणि हो, अध्याय काळाच्या क्रमाने नाहीत, ३६ मधला यहोयाकीम हा ३४ मधल्या सिद्कीयाच्या आधीचा. निम्मा गोंधळ तिथेच होतो, म्हणून २६ आणि ३६ आधी वाचा, ३४ नंतर.