विहिरीची वही आणि बारावीनंतरची वाट

डिचोली तालुक्यातल्या एका वडिलांचे पत्र आले आहे. थोडे आटोपशीर करून देते:

‘मॅडम, माझा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि पुढे ट्रक विकावा लागला. आता थोडे कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आणि एक दुकान यांवर घर चालते. मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीला ७६ टक्के होते. गेल्या वर्षी विद्यापीठाची काही माणसे गावातला ओहोळ मोजायला आली होती. तेव्हापासून हिने डोक्यात घेतले आहे की मलाही पाण्यावर संशोधन करायचे. दर रविवारी घरच्या विहिरीचे पाणी दोर सोडून मोजते आणि वहीत लिहिते. तिची आई म्हणते नर्सिंग कर, मी म्हणतो कॉम्प्युटर. पाण्याचे शिकून शेवटी नोकरी कुठे, नळाच्या खात्यात? आणि गोव्यात एवढा पाऊस पडतो, त्यावर संशोधन ते काय करायचे? स्पष्ट सांगा.’

नमस्कार. स्पष्ट सांगा म्हणालात, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही लिहिलेले नाही, पण मी पैज लावते की तुमची विहीर मे महिन्यात तळ दाखवत असणार. नसेल तर शेजाऱ्याची तरी नक्की.

आता एक हिशेब करा. आपल्याकडे वर्षाला ढोबळमानाने ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या बाजूला त्याहून जास्त. एक हेक्टर कुळागरावर ३००० मिलिमीटर म्हणजे तीन कोटी लिटर पाणी. तीन कोटी लिटर चार महिन्यांत अंगावर घेणारी जमीन एप्रिलमध्ये पोफळींना पाणी पुरवू शकत नाही, मग हे पाणी जाते कुठे? तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न हाच आहे आणि विद्यापीठातली माणसे ओहोळात उतरतात तीही यासाठीच.

थोडक्यात असे होते. आपले सडे, म्हणजे डोंगरावरची पठारे, जांभ्याची, म्हणजे चिऱ्याच्या दगडाची. चिरा म्हणजे चाळण. पाऊस त्यातून भराभर खाली जातो, खालच्या शेडीच्या चिकट थराला टेकतो, आडवा सरकतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतो. पाणी मुरते, पण थांबत नाही. घाट ते समुद्र हे अंतरही जेमतेम, त्यामुळे नदीलाही रेंगाळायला जागा नाही. शिवाय भरतीचे पाणी मांडवीत, जुवारीत कितीतरी आतपर्यंत चढते. नदीत पाणी दिसते, पण तोंडात घेतले तर खारट.

महाराष्ट्रात पाणलोटाचे काम गाजले ते हिवरे बाजारसारख्या गावांत, जिथे पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटरच्या आसपास. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र तिथले आणि तिथे ते खरे ठरले. पण तिथले सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच पातळीत खणलेले लांब चर, आपल्या उभ्या चढावर जसेच्या तसे खोदले, तर तीन हजार मिलिमीटरच्या माऱ्यात पाणी मुरायच्या आधी मातीच सुटायची. आपल्याकडे काय करायचे ते आपल्याच ओहोळावर मोजून ठरवायला हवे. जुन्या लोकांना त्यातले बरेच कळत होते. वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी, ओहोळावर मातीचा बांध घालायचा आणि पावसाआधी मोडायचा, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणारी) दारे भरती-ओहोटीच्या वेळेने चालवायची, हे सगळे पाण्याचे व्यवस्थापनच होते. फक्त त्याचे आकडे कुणी लिहून ठेवले नाहीत.

तुम्ही खाणीवर होता म्हणून एक आठवण करून देते. ज्या खंदकांत तुम्ही ट्रक उतरवलात, त्यातले बरेच भूजलाच्या पातळीखाली गेलेले. खनिज काढायचे तर पंप लावून पाणी उपसून टाकावे लागे. आजूबाजूच्या विहिरींचे तेव्हा काय झाले, पंप थांबल्यावर काय झाले, आता त्या खंदकांत साचलेले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, या प्रश्नांवर माणसे अभ्यास करतात. तुम्ही घरी बसून मुलीला सांगू शकाल अशा कितीतरी गोष्टी त्यात आहेत. तिला एकदा विचारू द्या.

आणि हे काम कोर्टातही उभे राहते. म्हादई नदीचे पाणी गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांतल्या कुणाचे किती यावर लवाद नेमला २०१० साली, निवाडा आला २०१८ च्या ऑगस्टमध्ये. त्या सगळ्या वर्षांत भांडण होते ते भावनेचे कमी आणि आकड्यांचे जास्त. नदीत मुळात पाणी किती, ‘७५ टक्के विश्वासार्हतेने’ किती, म्हणजे चारांतली तीन वर्षे तरी हमखास मिळेल असे किती, यावर निरनिराळ्या बाजूंच्या जलतज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. वाहिलेले पाणी ज्याने मोजून ठेवले नाही, त्याने तिथे काय बोलायचे?

संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि परीक्षानळी असे तुमच्या डोळ्यांपुढे असेल, तर मी एकदा पाहिलेले सांगते. सत्तरीत एका ओहोळावर एमएस्सीच्या मुलांबरोबर गेले होते, ऑक्टोबरात. दोन्ही काठांना दोरी ताणली, दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ. एक मुलगी मांडीभर पाण्यात उभी. प्रत्येक गाठीखाली आधी खोली मोजायची, मग पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर प्रवाहमापक धरायचा. ते यंत्र म्हणजे लहान वाट्या लावलेले एक चाक, पाण्याने फिरते. किती फेऱ्या झाल्या ते मोजले की वेग कळतो. दुसरी काठावर बसून आकडे लिहीत होती, पेन्सिलने, कारण शाई ओली झाली की पसरते. एक माप घ्यायला पाऊण तास गेला. मधेच पाण्यातल्या मुलीने पायाची जळू ओढून काढली, आकडा पुन्हा एकदा ओरडून सांगितला आणि पुढच्या गाठीकडे सरकली. मला त्या जळूपेक्षा तो पुन्हा सांगितलेला आकडा लक्षात राहिला.

ओहोळाचे दिवस वर्षात थोडेच असतात. उरलेला बहुतेक वेळ संगणकापुढे जातो. उपग्रहाच्या नकाशांवरून पाणलोटाच्या सीमा काढायच्या, क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर वापरायचे, स्वॅटसारख्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या संगणकीय मॉडेलमध्ये पाऊस, माती, उतार घालून नदीचा प्रवाह काढून पाहायचा. त्यासाठी थोडे प्रोग्रॅमिंगही लागते. तेव्हा तुमचा कॉम्प्युटर काही सुटत नाही, फक्त त्यात पाणी भरले जाते.

आता शिक्षणाचे. पहिली गोष्ट, ‘वॉटर मॅनेजमेंट’ अशी पाटी लावलेली पदवी शोधत फिरू नका. सतराव्या वर्षी पाटी बघायची नाही, पाया बघायचा. या विषयात शिरायला निरनिराळी दारे आहेत. तिला दगडमातीत रस असेल तर भूगर्भशास्त्र. मिरामारला धेंपे आणि मडगावला चौगुले या दोन्ही महाविद्यालयांत ते आहे आणि पुढे ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी करता येते. गणितात आणि बांधकामात हात चालत असेल तर सिव्हिल. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात करता येते आणि पुढे जलसंपदा विषयात एमटेक. त्यासाठी सुरतकलचे एनआयटी आहे, मुंबईची आणि रुडकीची आयआयटी आहे. रुडकीला तर जलविज्ञानाचा वेगळा विभागच आहे. शेतीची ओढ असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आहे, त्यात मृद व जलसंधारण हा मोठा भाग असतो. पण परराज्यातल्या मुलांसाठी प्रवेशाचे नियम वेगळे, ते अर्जाआधी नीट पाहा. भूगोल आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशाशास्त्र) हीसुद्धा वाट आहे, तिला कमी लेखू नका.

मला विचाराल तर तुमच्या पत्रावरून मी भूगर्भशास्त्राकडे झुकते. डिचोलीची मुलगी, दारात सडा, मागे खाण आणि हातात विहिरीची वही. पण बारावीत गणित सोडलेले नसावे. गणित नसेल तर या विषयात पुढे पावलोपावली अडते.

एक कबुली देते. खाणी बंद झाल्या त्या सुमारास माझ्याकडे आलेल्या एका मुलाला मी भूगर्भशास्त्रापासून परावृत्त केले. ‘खाणीच नाहीत तर त्या विषयाला कोण विचारतो’ असे मी म्हणाले. ती चूक होती. खनिज थांबले म्हणून भूजलाचे प्रश्न थांबत नाहीत, उलट वाढतात. आज तो मुलगा भलत्याच कामात आहे आणि भेटला की हसून विषय काढतो. मला हसू येत नाही.

पोटाचे काय, हा तुमचा खरा प्रश्न. ट्रक विकलेल्या माणसाने तो विचारायलाच हवा. नळाच्या खात्याला हसू नका, सिव्हिल केलेल्यांना जलस्रोत खाते आणि पाणीपुरवठा हे पक्के आसरे आहेत. भूगर्भशास्त्रात एमएस्सी केले की यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा देता येते, त्यातून केंद्रीय भूजल मंडळात शास्त्रज्ञ म्हणून जाता येते. मात्र जागा मोजक्या, एखाद्या वर्षी फारच कमी. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे एक केंद्र आपल्या शेजारी बेळगावात आहे, पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल संशोधन संस्था आहे, दोनापावलला समुद्रविज्ञान संस्था आहे. खाजगी सल्लागार कंपन्या भूजलाचे अहवाल करतात, तिथे सुरुवातीचा पगार बेताचाच असतो.

विद्यापीठात संशोधकच व्हायचे असेल तर वाट लांब आहे. पदवी, एमएस्सी, पीएचडी धरून नऊ-दहा वर्षे. नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, वर घरभाडे. म्हणजे पीएचडी करताना ती तुमच्या खिशावर असणार नाही. पण त्यानंतर कायम जागा मिळेलच असे कुणी सांगितले, तर तो खोटे बोलतो. तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर काम करणारी हुशार मुले मी पाहिली आहेत. म्हणून एमएस्सीनंतर थांबून एकदा हिशेब करायचा, आताच दहा वर्षांची शपथ घ्यायची गरज नाही. नर्सिंगबद्दल तिच्या आईला सांगा की ते उत्तम काम आहे, ज्या मुलीला ते हवे तिच्यासाठी.

आता पुढचे तिला वाचायला द्या.

बाळ, तुझी वही मला फार आवडली, पण तिच्यात दुरुस्त्या आहेत. दोर ओला झाला की त्याची लांबी बदलते आणि हात माणसागणिक बदलतो. वजन बांधलेली मीटरपट्टी घे. शेवटच्या मीटरला खडू फास, तो जिथपर्यंत ओला होईल तिथपर्यंत पाणी. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण कर आणि प्रत्येक वेळी तिथूनच मोज. सकाळी, पंप लावायच्या आधी. आदल्या दिवशी पंप किती वेळ चालला तेही लिही. सरळ कडांचा एक डबा अंगणात उघड्यावर, झाडापासून दूर ठेव आणि रोज सकाळी साडेआठला त्यातला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजून डबा रिकामा कर. हवामान खातेही त्याच वेळी मोजते. आणि एखादा रविवार चुकला तर तो रकाना कोरा ठेव. अंदाजाने भरू नकोस. तुझ्या वहीत आतापर्यंत असे किती रविवार अंदाजाने भरलेले आहेत, ते मला खरे सांग. असतील तर त्यांच्यावर फुली मार, वही बाद होत नाही.

सुट्टीत वडिलांना साळावलीला न्यायला सांग. मे महिन्यात धरणाचे पाणी उतरते तेव्हा बुडालेले कुर्डी गाव वर येते, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. घरांची जोती दिसतात, देवळाशी माणसे जमतात. पाण्याची पातळी म्हणजे काय, ते तिथे उभे राहिल्यावर वेगळे कळते.

प्रवेशाचे अर्ज निघायच्या आधी दोघे एकदा माझ्याकडे फोंड्याला या. मार्कलिस्ट राहिली तरी चालेल, वही मात्र आणा. आणि भाऊ, येताना तुमच्या खाणीतल्या पंपांचे जे आठवते ते कागदावर मांडून आणा. कुठला खंदक, किती पंप, दिवसाला किती तास. ते मलाही हवे आहे.