दोन्ही पक्षांची बाजू छापली की बातमी निःपक्षपाती होत नाही का?

नेहमीच नाही. प्रतिक्रिया दोन घेता येतात, पण मुद्दा आकडेवारीने तपासण्यासारखा असेल तर आधी ती बघावी लागते.

निवडणूक रोखेच घ्या, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षांना देणगी द्यायचे रोखे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला योजना घटनाबाह्य ठरवली आणि १४ मार्चला स्टेट बँकेने दिलेली रोख्यांची माहिती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आली. १२ एप्रिल २०१९ पासून वटवलेले रोखे सुमारे १२,७६९ कोटींचे. त्यात भाजप ६,०६० कोटी, तृणमूल १,६०९, काँग्रेस १,४२१, भारत राष्ट्र समिती १,२१४.

आता ‘रोखे सगळ्याच पक्षांनी घेतले’ हे वाक्य वाचा. ऐकायला समतोल, पण एकाच पक्षाकडे जवळपास निम्मी रक्कम गेली हे त्यात गडप होतं. शिवाय ते सरळसरळ चूक आहे: माकपने रोखे घेतले नाहीत, उलट योजनेविरुद्ध याचिका केली.

यादी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, अमित शहा म्हणाले की एकूण रोखे २०,००० कोटींचे, भाजपला सुमारे ६,०००, मग बाकीचे १४,००० कुठे गेले? याची ‘शहांचा सवाल, विरोधकांचा पलटवार’ अशी बातमी पाच मिनिटांत होते. पण २०१८ पासूनच्या विक्रीच्या तिसाही टप्प्यांत मिळून विकले गेलेले रोखे साधारण १६,५१८ कोटींचे होते. आयोगाच्या एप्रिल २०१९ पासूनच्या यादीप्रमाणे इतर सगळ्या पक्षांचे मिळून ६,७०० कोटींच्या आसपास भरतात. हा आकडा दाव्याच्या लगेच खाली, दुसऱ्या परिच्छेदात यायला हवा. शेवटच्या ओळीत टाकला तर मथळा आणि इंट्रो वाचून पान उलटणाऱ्याला तो दिसतच नाही. असं का होतं? रात्री डेस्कवर प्रतिक्रिया फोनवर मिळते, शेकडो पानांच्या दोन पीडीएफची बेरीज करायला माणूस बसवावा लागतो. आणि ‘तुम्ही अमक्याचे’ हा शिक्का कुणालाच नको असतो.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. रोखे म्हणजे फक्त भाजप असं लिहिलं की २०१९ मध्ये लोकसभेच्या ९ जागा जिंकलेल्या भारत राष्ट्र समितीचे १,२१४ कोटी झाकले जातात. तेलंगणात तेव्हा तिचंच सरकार होतं. तृणमूलला काँग्रेसपेक्षा जास्त मिळाले, तेही मुख्यतः एका राज्याच्या जोरावर. सत्ता जिथे, पैसा तिथे, हे माझ्या मते या यादीतलं सर्वात मोठं निरीक्षण. ‘सगळे सारखेच’ याहून ते फार वेगळं आहे.

अशी बातमी वाचताना कालावधी आधी बघा: २०१८ पासून की एप्रिल २०१९ पासून? दोन्ही आकडे एकाच वाक्यात मिसळले असतील तर टक्केवारीवर विसंबू नका. कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला दिले हे तर बहुतेक पक्षांबाबत २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक जाहीर झाल्यावरच जुळवता आलं. त्याआधीच्या आठवड्यात छापलेल्या बहुतेक जोड्या तारखांवरून बांधलेले अंदाज होते.