‘अंडरस्टेटमेंट’ला न्यूनोक्तीच म्हणावं

प्रश्न असा आहे: इंग्रजांच्या विनोदातल्या ‘अंडरस्टेटमेंट’ला, म्हणजे मुद्दाम कमी करून सांगण्याला, मराठीत अल्पोक्ती म्हणावं की न्यूनोक्ती? आणि त्यांना ही सवय लागली कुठून?

माझं मत न्यूनोक्तीच्या बाजूने. अल्पोक्ती म्हणजे थोडं बोलणं. ते मितभाषी माणूसही करतो. इथे शब्द कितीही असोत, ते मुद्दाम वस्तुस्थितीला तोकडे पडतील असे निवडलेले असतात. उरलेलं ऐकणाऱ्याने भरून घ्यायचं. ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात श्रोत्यांना ‘न्यून ते पुरतें, अधिक तें सरतें’ करून घ्या अशी विनवणी केली आहे. तिथे ती विनयाने आली आहे, पण न्यून पुरतं करणारा श्रोता नसेल तर इंग्रजांचा हा विनोद उभाच राहत नाही.

सवय फार जुनी आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात राक्षसीच्या तळ्याचं वर्णन येतं. रात्री पाण्यावर आग दिसते. कुत्री मागे लागलेलं हरिण काठावर जीव देईल, पण पाण्यात उतरणार नाही. एवढं सांगून झाल्यावर कवी म्हणतो, ती काही चांगली जागा नव्हे! नकाराने बोलायची ही मोडणी आपल्याला परकी नाही. ‘तो काही कमी नाही हं’ यात आपण तेच करतो.

१०६६ नंतर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांच्या राजवटीबरोबर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. ‘क्वाइट’ हा फ्रेंचमधूनच आलेला. त्याचा आधीचा अर्थ ‘पूर्णपणे’. ‘बऱ्यापैकी’ हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला. आज दोन्ही चालतात. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला, तर कौतुक आहे की नुसतं ‘बरं आहे’, हे बहुतेकदा सुरावरूनच कळतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण २४ जून १९८२चं. जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजचं विमान सापडलं. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं, की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत. पुढे इंजिनं सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरलं. ‘छोटीशी’ या एका शब्दात धीरही आहे आणि विनोदही, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

पण श्रोता दुसऱ्या रिवाजातला असला की काय होतं, हे कोरियन युद्धात दिसलं. एप्रिल १९५१मध्ये इमजिन नदीवर ग्लॉस्टरशर रेजिमेंटची एक बटालियन चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली होती. ब्रिगेडियर ब्रोडी यांनी अमेरिकी वरिष्ठांना कळवलं, ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.’ ब्रिटिश कानाला हा आकांत होता. अमेरिकी जनरलने ‘जरा अवघड आहे, पण निभतंय’ असा अर्थ घेतला, असं सांगतात. त्या बटालियनमधले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले.