शंभर पट विरळ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख रात्री दोनदा पाहिला. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ प्रथिन ग्रॅफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराच्या, ट्रान्झिस्टरवर इतक्या कमी प्रमाणात पकडलंस, फार आनंद झाला. पण आलेखाखाली बारीक अक्षरात ‘बफर शंभर पट विरळ’ असं, म्हणजे चाचणीचा खारट द्राव पातळ केल्याचं, लिहिलंयस, तिथे मी अडकले.

ग्रॅफीनला विद्युतभार कळतो, पण तो अगदी जवळ असला तरच. रक्ताइतक्या खारट द्रावात आयन त्या भाराला एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतात. प्रथिन पकडायला तू ग्रॅफीनवर लावलेली अँटिबॉडी साधारण १० नॅनोमीटरची. तिच्या टोकाला प्रथिन येऊन बसलं, तरी खाली ग्रॅफीनला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. बफर विरळ केलास म्हणून लागला. उद्या रुग्णाच्या रक्तातलं सीरम विरळ करशील, तेव्हा मिठासोबत एनएस१सुद्धा शंभर पट कमी होईल. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी अशाच ट्रान्झिस्टरवर कोरोनाचं स्पाइक प्रथिन पकडलं. बफरमध्ये मिलिलिटरला १ फेम्टोग्रॅम, आणि रुग्णाचा स्वॅब ज्या द्रावात ठेवतात त्यात १००. दोन्ही आकडे त्यांनी छापले. तूही दोन्ही छाप. अख्ख्या अँटिबॉडीऐवजी तिचा तुकडा किंवा प्रथिनाला धरणारा डीएनएचा आखूड धागा, म्हणजे छोटा अ‍ॅप्टामर लावून बघ; अंतर कमी झालं की फरक दिसेल.

आधी सोन्याचे कण हाताळ म्हटलं, तेव्हा तुला ते जुनं काम वाटलं होतं. पण कणाच्या पृष्ठभागावर काय चाललंय, हे सोनं डोळ्यांना दाखवतं. अँटिबॉडी लावलेल्या कणांच्या लाल द्रावात थोडं मिठाचं पाणी घाल. लाल राहिला तर आवरण पुरेसं आहे, जांभळा-निळा झाला तर कण एकमेकांना चिकटले. काचेची भांडी अम्लराजाने, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या आम्लमिश्रणाने, धुवायला कंटाळा करू नकोस. उमेदवारीच्या काळात त्या कंटाळ्यापायी माझे तीन महिने वाया गेले, आणि दोष मी अँटिबॉडीला देत बसले होते.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. एनएस१ तापाच्या पहिल्या दिवसांत रक्तात सापडतं, म्हणून ते निवडलंस, हे बरोबर. पण आपल्याकडे कितीतरी लोकांना डेंग्यू आधी होऊन गेलेला असतो. दुसऱ्या खेपेला त्यांच्या जुन्या अँटिबॉडी एनएस१ला वेढून बसतात, आणि तुझ्या अँटिबॉडीला धरायला जागाच उरत नाही. चाचणी ‘नाही’ म्हणते. आणि आजार गंभीर होण्याचा धोका याच दुसऱ्या खेपेला जास्त. ज्याला निदानाची सगळ्यात जास्त गरज, तोच सुटतो. विकत आणलेलं शुद्ध प्रथिन बफरमध्ये टाकून हे कधीच कळणार नाही. नमुन्याला आम्ल देऊन ती जोडी सोडवता येते. ती पायरी चिपवर कशी बसवायची, यावर डोकं लाव. प्रबंधाचं खरं काम मला इथे दिसतं.

चिप चंद्रपूरच्या मे महिन्यात किती दिवस टिकेल, तेही नंतर पाहावं लागेल.

सध्या नैतिक समितीचा अर्ज लिहायला घे. दुसऱ्या खेपेच्या रुग्णांचं साठवलेलं सीरम लागेल, आणि तापाचे पण डेंग्यू नसलेले नमुनेही तितकेच. मसुदा गुरुवारपर्यंत पाठव, मी त्याच रात्री वाचते.

तुझी,
मॅडम