2011 ची डिझेल स्विफ्ट आहे, टायमिंग चेन तुटली, वर्कशॉपवाले म्हणतात इंजिनच बदला. काय करावं?

इंजिन बदलू नका. निदान टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनवरचं झाकण, उघडून आत काय झालंय ते स्वतः बघेपर्यंत तरी हो म्हणू नका. आणि तोवर सेल्फ मारायचा नाही, कोणी धक्का मारून बघू म्हटलं तर त्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका.

मी इंदूरची, घरची गाडी जास्त करून मीच चालवते, आणि आमच्याकडेही हेच 1.3 लिटरचं इंजिन आहे, मूळ फियाटचं मल्टिजेट. स्विफ्ट, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो सगळ्यांत हेच बसायचं, त्यामुळे पार्टची काळजी करू नका, सहज मिळतात. इंजिन उत्तम आहे, याबद्दल कोणाचं काही ऐकून घेऊ नका.

टायमिंग चेन म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकवरून वाल्व उघडणाऱ्या कॅमला फिरवणारी साखळी. आमची चेन अख्खा हिवाळा सांगत होती. सकाळी स्टार्ट केली की पहिले दोन-तीन सेकंद खडखड, मग एकदम गप्प. मी घरात सांगितलं की ही चेन आहे. आमचे मोठे भावजी म्हणाले, डिझेलचा आवाज असाच असतो, आणि बेल्ट बदलावा लागतो, चेन लाइफटाइम असते, तू त्यात पडू नकोस. छोटी ग्वालटोलीतल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून कान लावला आणि सरळ म्हणाला, "भाभी, चेन बोल री है, करवा लो." त्यावर भावजींचं उत्तर ठरलेलं, त्याला काम पाहिजे म्हणून बोलतो. मेकॅनिकचं नाही ऐकलं, माझं तर नाहीच.

हा आवाज येतो का ते नीट समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, गाडी रात्रभर उभी राहिली की प्रेशर उतरतं, आणि सकाळी प्रेशर चढेपर्यंत झिजलेली चेन सैल राहून गाइडवर, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटत राहते. चेन लांबते म्हणतात ना, तेव्हा कड्या ताणल्या जात नाहीत, त्यांच्यामधल्या पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक जोडाला जरासं, पण मिळून चेन पार ढिली होते. डिझेलमध्ये ऑइलात काजळी उतरते आणि ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीच काजळी पिना खाते. भावजी गाडी नेत तेव्हा डिपस्टिक बघून वरून ऑइल टाकत, पण बदलत नसत.

मग धुळ्याचं लग्न निघालं. गाडी भावजींच्या हातात, मी मागे. मानपूरचा घाट उतरलो आणि खलघाट यायच्या आत चालतं इंजिन बंद. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतंय, कॉम्प्रेशनचा जोरच नाही. मी म्हणत होते आता हात लावू नका, चेन गेलीय, तरी ते पुन्हा पुन्हा सेल्फ मारतच होते. या इंजिनात चेन तुटली की कॅम थांबतो आणि पिस्टन वर येऊन उघड्या वाल्ववर आदळतो, प्रत्येक सेल्फला नुकसान वाढतं. शेवटी क्रेनने इंदूरला परत, लग्नाला आम्ही पोचलोच नाही.

वर्कशॉपने न उघडताच इंजिन बदला म्हणून सांगितलं, अगदी तुमच्यासारखंच. मी गाडी उचलून त्याच ग्वालटोलीवाल्याकडे नेली आणि समोर उभी राहून उघडून घेतली. बरेच रॉकर, म्हणजे कॅमच्या जोरावर वाल्व दाबणाऱ्या छोट्या दांड्या, तुटलेले होते. या इंजिनात बऱ्याचदा रॉकरच मार खातात आणि वाल्व-पिस्टन वाचतात. आमचे एक-दोन वाल्व वाकले होते, हेड, म्हणजे वाल्व बसतात तो इंजिनचा वरचा भाग, मशीन शॉपला पाठवावं लागलं, पिस्टन वाचले. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उघडल्यावर गाइड हातात घेतला तर चेनने त्यात खोल चर पाडलेले, काठ मोडून गेलेला, आणि मोडलेलं प्लास्टिक खाली ऑइलच्या गाळणीत अडकून बसलेलं.

म्हणून सांगते, नुसती चेन टाकून घेऊ नका. चेन, टेन्शनर, गाइड, दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकत्र बदला, चेंबर काढून गाळणी साफ करून घ्या, नाहीतर नवीन चेनलाही ऑइल मिळणार नाही. टायमिंग लॉक करायचे, म्हणजे चेन बसवताना क्रँक आणि कॅम जागच्या जागी धरून ठेवायचे टूल असलेलाच मेकॅनिक बघा. बसवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून बघायला लावा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, कुठे काही अडलं तर तिथेच कळेल. नंतर ऑइल 10,000 किलोमीटरच्या आत बदला, वरून भरत बसू नका.

हां, पिस्टन फुटला असेल किंवा सिलेंडरला ओरखडे असतील तर हिशोब वेगळा, तेव्हा जुनं चांगलं इंजिन बघा. आणि गाडी 2011 ची म्हणजे 15 वर्षं भरतात, आरसी पुढे 5 वर्षांसाठी रिन्यू करून घ्यावी लागते, तो खर्चही आधी धरा. दिल्लीकडे राहत असाल तर तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेलचे नियम कडक आहेत, तिथे पैसे घालण्याआधी चौकशी करा.

जुने पार्ट मागून घ्या, ते तुमचेच असतात. मी तो गाइड भावजींसमोर टेबलावर ठेवला तर म्हणाले, प्लास्टिकच हलकं होतं. हलकं नव्हतं, सडलेल्या ऑइलमध्ये वर्षानुवर्षं चेन त्याच्यावर घासत होती, आणि हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते.